‘आज्ञेवरून’: अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातले एकपानी जाहीरनामे

१२ जून १७७५ या एकाच दिवशी अमेरिकेतल्या दोन शहरांतून दोन फर्माने निघाली. बोस्टनमध्ये राजाचा गव्हर्नर आणि सेनापती टॉमस गेज याने लष्करी कायदा पुकारला. हत्यारे खाली ठेवून घरी परतणाऱ्या सगळ्यांना त्याने माफी देऊ केली. वगळले फक्त दोघांना, सॅम्युअल अ‍ॅडम्स आणि जॉन हॅनकॉक यांना. फिलाडेल्फियात भरलेल्या काँग्रेसने त्याच दिवशी ठरवले की २० जुलैला सर्व वसाहतींनी उपवास करून प्रार्थना करावी. हा ठराव छापून गावोगाव गेला आणि त्याच्या तळाशी अध्यक्ष म्हणून नाव होते त्याच जॉन हॅनकॉकचे. न्यू इंग्लंडमध्ये उपवासाचा दिवस जाहीर करणे हा गव्हर्नरचा मान. तो मान आता अशा एका सभेने घेतला होता, जिला राजाच्या कायद्यात कुठेच जागा नव्हती. गेजने ज्याला फासाच्या वाटेवर उभे केले, त्याच्या नावाची आज्ञा चर्चमधून वाचली जाऊ लागली.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या एकपानी छापील पत्रकांचा विचार या दोन कागदांपासून सुरू करावा असे मला वाटते. ही पत्रके म्हणजे प्रचार, लोकांना चेतवण्याचे साधन, एवढे म्हणून बहुतेक ठिकाणी विषय संपवला जातो. त्यांनी लोकांना चेतवले हे खरेच आहे. पण सगळी पत्रके एकत्र ठेवून पाहिली की त्यांच्या मागची झुंज दिसते ती आज्ञेच्या अधिकाराची. चौकात कागद चिकटवून ‘असे करा, असे करू नका’ म्हणण्याचा हक्क कोणाचा? बंदुका झडण्याच्या कितीतरी आधीपासून हा प्रश्न छापखान्यांत लढवला जात होता.

आधी ती वस्तू कशी होती ते पाहू. एका तावाची एकच बाजू छापलेली, मागची कोरी, म्हणजे चिकटवायला मोकळी. अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे, चौकटीत आवळायचे, लोकर भरलेल्या कातडी गोळ्यांनी त्यांवर शाई थापायची, ओलसर केलेला ताव बसवायचा आणि लाकडी यंत्राचा दांडा अंगातला जोर लावून ओढायचा. शाई म्हणजे उकळून दाट केलेले जवसाचे तेल आणि काजळी. कागद लिननच्या चिंध्यांचा, म्हणून मुद्रक आपल्याच पत्रात ‘जुन्या चिंध्या विकत घेऊ’ अशा जाहिराती देत. दोन तरबेज माणसे तासाला दोनशे-अडीचशे ताव काढत. पुस्तकाला महिने लागत, साप्ताहिकाला त्याचा वार गाठावा लागे. पत्रकाचा मजकूर मात्र संध्याकाळी हातात पडला तर पहाटे तो खानावळीच्या दारावर, सभागृहाच्या भिंतीवर, नाहीतर बोस्टनच्या ‘स्वातंत्र्यवृक्षा’वर दिसे. शिवाय त्यावर लेखकाचे नाव नसले तरी चाले. मुद्रकाचे नसले तरीही चाले.

१७६५ च्या स्टँप कायद्याने या धंद्यालाच हात घातला. वर्तमानपत्रे, पुस्तिका, जाहिराती, कोर्टाचे कागद या साऱ्यांवर कर बसला आणि ज्यांच्या हाती खिळे होते तेच पार्लमेंटच्या विरोधात गेले. फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्रॅडफर्डने ३१ ऑक्टोबर १७६५ चा ‘पेन्सिल्वेनिया जर्नल’चा अंक थडग्याच्या शिळेसारखा काळ्या चौकटीत छापला. पुढच्या वर्षी कायदा रद्द झाला. १६ मे १७६६ ला हॅनकॉकच्याच मालकीचे ‘हॅरिसन’ जहाज ती बातमी घेऊन बोस्टनला लागले, तेव्हा शहरातल्या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मुद्रकांनी मिळून एकच पत्रक काढले आणि तळाशी सगळ्यांची नावे दिली.

बिननावी पत्रकाचे बळ आणि त्यातला धोका, दोन्ही एकत्र पाहायचे तर न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर मॅकडूगलचे प्रकरण पाहावे. डिसेंबर १७६९ मध्ये तिथल्या विधानसभेने इंग्रज सैन्याच्या खर्चासाठी दोन हजार पौंड मंजूर केले. १६ डिसेंबरला ‘विश्वासघात झालेल्या’ न्यूयॉर्ककरांना उद्देशून एक पत्रक शहरभर झळकले. सही होती ‘स्वातंत्र्याचा एक पुत्र’. ते चिकटवले कसे, याची एक कथा पुढच्या पिढीने सांगितली आहे. एक माणूस पाठीवर मोठी पेटी घेऊन रस्त्याने जाई, दम खाण्यासाठी ती भिंतीला टेकवी. आत बसलेला पोरगा फळी सरकवून कागद भिंतीवर चिकटवी आणि फळी पुन्हा लावून घेई. कथेत थोडा मीठमसाला असेलही, पण कागद लावणाऱ्याला काय जोखीम होती ते तिच्यातून कळते.

विधानसभेने लेखकाला पकडून देणाऱ्यास शंभर पौंडांचे बक्षीस लावले. छापखान्यातल्या एका कामगाराने तोंड उघडले, मुद्रक जेम्स पार्कर सापडला आणि त्याच्याकडून मॅकडूगलचे नाव निघाले. फेब्रुवारी १७७० मध्ये अटक झाली तेव्हा त्याने जामीन नाकारला आणि कोठडी पत्करली. इंग्लंडमध्ये जॉन विल्क्स आपल्या पत्राच्या ४५ व्या अंकासाठी तुरुंगात गेला होता. इकडे मॅकडूगलवरचा ठराव विधानसभेच्या इतिवृत्तात ४५ व्या पानावर होता. एवढा धागा लोकांना पुरला. १४ फेब्रुवारीला, वर्षाच्या पंचेचाळिसाव्या दिवशी, पंचेचाळीस जण पंचेचाळीस पौंड मांस घेऊन तुरुंगात त्याच्याबरोबर जेवायला बसले. खटला उभा राहण्याआधी पार्कर वारला आणि साक्षीदाराअभावी सरकारची बाजू ढासळली. पुढे मॅकडूगल वॉशिंग्टनच्या सैन्यात मेजर जनरल झाला. एका तावाने कोणाचेही मत बदलले नसेल असे धरले, तरी त्यावरून सरकारला उघड्यावर यावे लागले आणि सरकारची ताकद किती हे शहराने पाहून घेतले.

याच काळात पत्रकांनी दुसरेही एक काम अंगावर घेतले, बहिष्काराची अंमलबजावणी. इंग्लंडहून माल न मागवण्याचा करार व्यापाऱ्यांनी केला होता, पण कायद्याचे बळ त्यामागे नव्हते. मग बोस्टनमध्ये एक छोटे पत्रक निघाले. त्यात विल्यम जॅक्सन या व्यापाऱ्याचे नाव, दुकानाची खूण, रस्ता आणि समोरचा सार्वजनिक पंप एवढा नेमका पत्ता होता, आणि त्याच्याकडून कोणीही काही विकत घेऊ नये अशी विनंती होती. घेणाऱ्याची स्वतःचीच बेअब्रू होईल, असेही बजावले होते. त्याची मांडणी पाहिली तर ती सरळ दुकानाच्या जाहिरातीची आहे. जाहिरातीचा साज आणि वाळीत टाकण्याचा हुकूम. दुसऱ्या बाजूने ‘बोस्टन क्रॉनिकल’चा जॉन माइन याने जकातीच्या नोंदी छापून दाखवले की करार मोडणाऱ्यांत देशभक्त म्हणवणारेही आहेत. त्याला जमावाच्या भीतीने देश सोडावा लागला. या लढ्यात मुद्रणस्वातंत्र्य सगळ्यांना सारखे मिळाले नाही. नोव्हेंबर १७७५ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स रिव्हिंग्टनच्या छापखान्यावर आयझॅक सिअर्सची घोडेस्वार टोळी चालून आली आणि त्याचे खिळे पोत्यांत भरून घेऊन गेली. राजनिष्ठांची पत्रके आज कमी दिसतात याचे एक कारण इथे आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या प्रकरणात पत्रकांची भाषा एकदम जहाल झाली. २७ नोव्हेंबर १७७३ ला फिलाडेल्फियात डेलावेअर नदीच्या वाटाड्यांना उद्देशून एक पत्रक निघाले. सही करणाऱ्यांनी स्वतःला ‘डांबर आणि पिसांची समिती’ म्हणवले होते. ‘पॉली’ हे चहाचे जहाज जो वर आणेल त्याचे काय होईल ते त्यात होते, आणि कप्तान एअर्सला थेट विचारले होते की गळ्यात दोर, डोक्यावर दहा गॅलन डांबर आणि त्यावर डझनभर रानहंसांची पिसे हे त्याला कसे वाटेल. नाताळात ‘पॉली’ आली. शहराच्या खालीच थांबली आणि चहा न उतरवता परत गेली. फिलाडेल्फियाच्या त्या पत्रकानंतर दोन दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, बोस्टनच्या भिंतींवर मित्रांनो, बंधूंनो, देशबांधवांनो अशी हाक देणारे पत्रक होते: चहा बंदरात आला आहे, नऊ वाजता घंटा वाजतील, फॅन्युइल हॉलमध्ये जमा. १६ डिसेंबरला तिथे चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

याच चहाच्या पत्रकांमध्ये हिंदुस्थानचा उल्लेख येतो आणि तो मराठी वाचकाने मुद्दाम पाहावा असा आहे. जॉन डिकिन्सनने ‘रस्टिकस’ या टोपणनावाने फिलाडेल्फियात एका तावाचे पत्र छापले. चहा पाठवणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीने आशियात काय केले ते आठवा, असे तो वाचकांना सांगतो: युद्धे पेटवली, राज्ये लुटली, धान्य कोंडले आणि बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. आता तीच कंपनी आपल्याकडे नजर वळवते आहे, हा त्याचा इशारा. चहा होता चीनचा, पण कंपनीची ओळख अमेरिकेला पटवून दिली ती बंगालच्या १७७० च्या दुष्काळाने. त्या वेळी कंपनीची नजर पुण्यावरही होती. १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह करून ती मराठ्यांशी पहिल्या युद्धात उतरली. डिकिन्सनला बंगालच्या प्रेतांचे खरे दुःख किती होते हे कागदावरून ठरवता येणार नाही. तरी डेलावेअरकाठच्या माणसाला हुगळीकाठच्या भुकेशी जोडणारा हा एक ताव मला साऱ्या चहा-वाङ्मयात सर्वांत मोलाचा वाटतो.

१९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि काँकर्ड इथे गोळ्या चालल्या. सेलमचा मुद्रक एझिकिएल रसेल याने काही दिवसांतच त्याचे पत्रक काढले. माथ्यावर शवपेट्यांच्या काळ्या चित्रांच्या रांगा, एकूण चाळीस, प्रत्येक मृताची एक. खाली लढाईची हकिकत आणि शोकगीत. हे चिकटवण्यापेक्षा घरात जपण्यासाठी होते. रसेल स्वस्त गाणी, फाशीवर जाणाऱ्यांचे कबुलीजबाब असे छापणारा माणूस. सुशिक्षित मंडळी त्याच्या मालाकडे नाक मुरडत. पण अक्षर न येणाऱ्यालाही शवपेट्या मोजता येत होत्या.

यानंतर जाहीरनाम्याला जाहीरनामा असे युद्ध सुरू झाले. २३ ऑगस्ट १७७५ ला तिसऱ्या जॉर्जने बंड आणि राजद्रोह मोडण्याचा हुकूम काढला. तो छापणाऱ्या राजमुद्रकांपैकी एक विल्यम स्ट्रॅहन, बेंजामिन फ्रँकलिनचा जुना मित्र आणि त्याच्यासारखाच छापखान्यात वाढलेला. उत्तरादाखल वसाहती नुसत्या तक्रारी छापत बसल्या नाहीत. त्यांनी राजाच्या फर्मानाचा साचाच उचलला. जानेवारी १७७६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने एक जाहीरनामा काढला. मसुदा जॉन अ‍ॅडम्सचा. वर ठसठशीत अक्षरांत सभेचे नाव, मधे ‘जाहीरनामा’, शेवटी ‘आज्ञेवरून’, सगळे ठरल्या रीतीने. फक्त अगदी तळाशी, जिथे शतकभर ‘देव राजाचे रक्षण करो’ छापले जात होते, तिथे आले ‘देव लोकांचे रक्षण करो’. हा कागद न्यायालये उघडताना आणि गावसभांत वाचायचा होता. स्वातंत्र्याची घोषणा व्हायला अजून जवळजवळ सहा महिने होते.

या साऱ्या फर्मानांत व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याच्या फर्मानाशी थांबावे लागते. बंडामुळे तो जहाजावर राहत होता. सप्टेंबर १७७५ च्या अखेरीस त्याच्या माणसांनी नॉरफोकमध्ये जॉन हंटर होल्टच्या छापखान्यावर धाड घातली. यंत्र, खिळे आणि दोन कामगार उचलून जहाजावर नेले. ७ नोव्हेंबरच्या तारखेचा जाहीरनामा असा पाण्यावर छापला गेला. बंडखोरांच्या मालकीचे जे गुलाम आणि करारबद्ध नोकर हत्यार धरून राजाच्या सैन्यात येतील ते मुक्त, असे त्यात होते. डनमोर स्वतः गुलाम बाळगणारा. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना त्याने काहीच देऊ केले नव्हते. पण आठशे ते हजार माणसे जीव मुठीत धरून त्याच्याकडे पोचली, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना देवीच्या साथीने नेले. त्यांच्यातल्या फार थोड्यांना वाचता येत असणार. तो कागद स्वयंपाकघरांतून, धक्क्यांवरून, शेतांवरून कानोकान गेला.

त्याच्या उत्तरादाखल निघालेली पत्रके तितकीच बोलकी आहेत. व्हर्जिनियाच्या फौजेचा प्रमुख असलेल्या पॅट्रिक हेन्रीने २० नोव्हेंबरला छापील पत्रातून जिल्ह्याजिल्ह्यांना गुलामांवर सतत नजर आणि गस्त ठेवायला बजावले. डिसेंबरात व्हर्जिनियाच्या सभेने परत येणाऱ्यांना माफीचा आणि न येणाऱ्यांना शिक्षेचा जाहीरनामा काढला. स्वातंत्र्याची सर्वांत पेटती भाषणे ज्याच्या नावावर सांगितली जातात त्याच माणसाचे हे पत्र, म्हणून ते बाजूला ठेवून या चळवळीचा इतिहास लिहिता येणार नाही. रॉबर्ट पार्किन्सनने २०१६ च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा लावून धरला आहे: तेरा वसाहतींना एकत्र बांधण्यासाठी देशभक्त मुद्रकांनी कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी लोकांबद्दलची भीती मुद्दाम फिरवली. मला त्याचे म्हणणे बरेचसे पटते.

फर्मानाला फर्मान भिडल्यावर सामान्य माणसाचे काय व्हायचे? ३० नोव्हेंबर १७७६ ला इंग्रज सेनानी होव बंधूंनी साठ दिवसांत राजनिष्ठेची शपथ घेणाऱ्यांना माफी जाहीर केली. वॉशिंग्टनची फौज तेव्हा मागे हटत होती आणि न्यू जर्सीत हजारोंनी शपथ घेऊन संरक्षणपत्रे मिळवली. ट्रेंटन आणि प्रिन्स्टन इथे पारडे फिरले. २५ जानेवारी १७७७ ला मॉरिसटाउनहून वॉशिंग्टनचा जाहीरनामा निघाला: ती संरक्षणपत्रे जमा करा, तीस दिवसांत संयुक्त संस्थानांशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर शत्रूच्या हद्दीत निघून जा. दोन महिन्यांत त्याच शेतकऱ्याच्या दारात दोन कागद आणि दोन्हींत शपथ.

सैनिकांना फोडण्यासाठी काढलेली पत्रके आकाराने लहान, पण त्यांतली अक्कल थक्क करणारी आहे. बोस्टनच्या वेढ्यात इंग्रज शिपायांसाठी एक चिठ्ठी छापली गेली. तिच्यात दोन टेकड्या समोरासमोर ठेवल्या होत्या. प्रॉस्पेक्ट हिल अमेरिकनांची: महिना सात डॉलर, ताजे अन्न भरपूर, आरोग्य, स्वातंत्र्य आणि चांगली शेती. बंकर हिल इंग्रजांची: दिवसाला तीन पेन्स, सडके खारवलेले डुकराचे मांस, स्कर्व्ही, गुलामी आणि दैन्य. भाषण नाही, तत्त्वज्ञान नाही, शिपायाच्या ताटाचा आणि पगाराचा हिशेब. पुढे ऑगस्ट १७७६ मध्ये काँग्रेसने भाडोत्री जर्मन सैनिकांना जमीन देऊ केली, तो ठराव जर्मनमध्ये छापून स्टेटन बेटावर पोचवला. फ्रँकलिनने जनरल गेट्सला लिहिलेल्या पत्रात त्याची युक्ती आहे. काही कागदांच्या मागे तंबाखूच्या दुकानांचे छाप मारले होते. त्यांत तंबाखूच्या पुड्या बांधायच्या, म्हणजे शिपाई त्या लूट म्हणून वाटून घेतील आणि अधिकाऱ्यांना पत्ता लागण्याआधी मजकूर वाचतील.

आणि मग ४ जुलै १७७६. काँग्रेसने मान्य केलेला स्वातंत्र्याच्या घोषणेचा मसुदा त्या रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात गेला. डनलॅप आयर्लंडमधल्या स्ट्रबेनहून आलेला, विशीतच असलेला मुद्रक. त्याने सुमारे दोनशे प्रती काढल्या असाव्यात. आज त्यांतल्या २६ माहीत आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या फ्रेडरिक गॉफने १९७६ मध्ये त्या वेळी माहीत असलेल्या २१ प्रती बारकाईने तपासल्या. काहींवर शाई वाळण्याआधीच घडी घातल्याचे उलटे डाग आहेत. कोणीतरी घोडा बाहेर तयार ठेवून कागदाची वाट पाहत होते, हे त्या डागांवरून डोळ्यांसमोर येते. त्यावर प्रसिद्ध सह्यांपैकी एकही नाही. खिळ्यांत फक्त अध्यक्ष हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स टॉमसन यांची नावे आहेत. ‘एकमताने’ हा शब्दही नाही, कारण न्यूयॉर्कची संमती ९ जुलैला आली.

तो कागद पुढे गेला तो आवाजाच्या वाटेने. काँग्रेसची आज्ञाच होती की प्रत्येक संस्थानात आणि सैन्यापुढे तो पुकारून सांगावा. ८ जुलैला फिलाडेल्फियात जॉन निक्सनने तो वाचला. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनने आपल्या तुकड्यांसमोर वाचून घेतला आणि त्याच संध्याकाळी लोकांनी राजाचा शिशाचा अश्वारूढ पुतळा खाली ओढला. शिसे कनेक्टिकटमध्ये नेऊन त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या गेल्या. पेन्सिल्वेनियातल्या जर्मन शेतकऱ्यांसाठी श्टायनर आणि सिस्ट यांनी जर्मन पत्रक काढले. मॅसॅच्युसेट्सच्या कौन्सिलने १७ जुलैला हुकूम केला की सेलमच्या रसेलने (होय, त्याच शवपेट्यांच्या रसेलने) छापलेली प्रत प्रत्येक धर्मोपदेशकाकडे जावी, रविवारच्या उपासनेनंतर ती वाचावी आणि मग गावच्या कारकुनाने ती दप्तरात उतरवून घ्यावी. छापील कागद तोंडाने उच्चारायचा आणि पुन्हा हाताने लिहून ठेवायचा. हस्तलिखित, छपाई आणि बोलणे ही तीन वेगळी जगे मानणाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्सची ती गावदप्तरे उघडून पाहावीत.

सह्या करणाऱ्यांची नावे लोकांना छापून कळली ती जानेवारी १७७७ मध्ये. इंग्रजांच्या भीतीने काँग्रेस बाल्टिमोरला हलली होती आणि काम मिळाले मेरी कॅथरिन गॉडर्ड हिला. ती तिथले वर्तमानपत्र चालवी आणि शहराची पोस्टमास्तरही होती. एरवी तळाशी ‘एम. के. गॉडर्ड’ एवढेच छापणाऱ्या या बाईने या तावावर आपले पूर्ण नाव घातले. ज्या कागदावर नाव येणे म्हणजे राजद्रोहाची कबुली होती, त्यावर ते नाव तिने स्वतःच्या हाताखालच्या खिळ्यांत जुळवून घेतले.

बायकांच्या हातून निघालेले आणखी एक पत्रक सांगायला हवे. १० जून १७८० चे, ‘एका अमेरिकन स्त्रीच्या भावना’. लेखिका एस्थर डी बर्ट रीड, पेन्सिल्वेनियाच्या अध्यक्षांची पत्नी. त्याबरोबर फिलाडेल्फियात बायकांनी घरोघर फिरून सैन्यासाठी वर्गणी गोळा केली. कागदी चलनात तीन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. प्रत्यक्ष चांदीत तिची किंमत फार थोडी होती. रीडबाईंना ते पैसे शिपायांच्या हातात द्यायचे होते. वॉशिंग्टनने सदरे हवेत म्हणून आग्रह धरला. सप्टेंबरात रीडबाई वारल्या आणि फ्रँकलिनची मुलगी सेरा बाश हिने काम पुरे केले. दोन हजारांवर सदरे शिवून पाठवले गेले.

आता अभ्यासकांकडे वळू. पायाभूत कामे याद्यांची. चार्ल्स इव्हान्सने १९०३ पासून अमेरिकन छपाईची सूची काढायला घेतली. वर्दिंग्टन फोर्डने १९२२ मध्ये एकट्या मॅसॅच्युसेट्सच्या तीन हजारांहून अधिक पत्रकांची नोंद प्रसिद्ध केली. पण मोठ्या मांडण्यांत पत्रके मधल्या मधे राहिली. आर्थर श्लेसिंजरने १९५८ मध्ये वर्तमानपत्रांना मध्यभागी ठेवले. बर्नार्ड बेलिनने १९६७ च्या आपल्या ग्रंथात पुस्तिकांमधून क्रांतीचा वैचारिक पाया शोधला. पुस्तिकेत युक्तिवाद असतो, वर्तमानपत्रात सातत्य असते. पत्रकात बहुधा एक वेळ, एक जागा आणि एक क्रियापद असते, म्हणून विचारांचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्यात वेचायला थोडेच सापडले.

जे फ्लिगलमनने १९९३ मध्ये लक्ष आवाजाकडे वळवले. डनलॅपच्या पहिल्या प्रुफात जागोजाग अवतरणचिन्हे पडली आहेत, जी नंतर काढली गेली. जेफरसनने लिहिलेल्या मूळ मसुद्यातल्या वाचनाच्या विरामखुणा जुळाऱ्याने चुकून चिन्हे समजून घेतल्या असाव्यात, असा त्याचा तर्क. तर्क सिद्ध झालेला नाही, पण जाहीरनामा कानांसाठी रचला होता हे त्याचे म्हणणे वाचनाच्या सगळ्या हुकुमांशी जुळते. ट्रिश लॉफ्रनने २००७ मध्ये उलट बाजूने घाव घातला. त्या काळी राष्ट्रभर पोचणारी छपाई नव्हतीच. रस्ते वाईट, छापखाने विखुरलेले, आणि ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेच्या लाख-दीड लाख प्रती खपल्याचे आकडे पोकळ. आकड्यांबाबत ती बरोबर आहे असे मला वाटते. पण दोनशे प्रतींचा कागद सेलममध्ये, न्यूयॉर्कमध्ये, जर्मनमध्ये पुन्हा जुळवला जात होता आणि काही ठिकाणी त्याखाली तिथल्या सत्तेची आज्ञा जोडली जात होती. पत्रकाची पोच प्रतींच्या संख्येने मोजली की हे निसटते.

पुरावाही फसवा आहे. जे भिंतीला लागले ते पावसात गेले. जे दप्तरात पडले ते राहिले, म्हणून सरकारी जाहीरनामे जास्त दिसतात. मुद्रक आयझाया टॉमस याने १८१२ मध्ये अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी काढली आणि बोस्टनच्या एका मुद्रकाकडून तीनशेच्या वर गाण्यांची पत्रके विकत घेऊन तिला दिली. सामान्यांच्या हाती काय होते ते दिसावे म्हणून. तसे करणारा तो जवळजवळ एकटाच. काही वेळा उलटही होते. तरण्याबांड जवानांना वॉशिंग्टनच्या फौजेत बोलावणारे, बंदुकीच्या कवायतीची चित्रे असलेले एक भरतीचे पत्रक शाळेच्या पुस्तकांत १७७६ चे म्हणून सर्रास छापले जाते. ते खरे १७९८-९९ च्या सुमाराचे, फ्रान्सशी तणाव असतानाचे आहे.

सर्वांत कमी लिहिले गेले आहे ते दांडा ओढणाऱ्यांबद्दल. न्यू हॅम्पशरच्या डॅनियल फाउलच्या छापखान्यात यंत्रावर प्राइमस नावाचा गुलाम होता. आयुष्यभर तेच काम करून तो पाठीत वाकला होता. बोस्टनच्या फ्लीट घराण्यात पीटर हा गुलाम गाण्यांच्या पत्रकांसाठी लाकडी ठसे कोरी आणि त्याचे मुलगे पाँपी आणि सीझर यंत्रावर काम करत. स्टँप कायदा रद्द झाल्याच्या १७६६ च्या आनंदपत्रकाच्या तळाशी फ्लीट हे नाव आहे, पाँपी आणि सीझर ही नावे नाहीत. त्यांच्याविषयी जे कळते ते मुख्यतः टॉमसच्या १८१० च्या मुद्रणेतिहासातल्या काही ओळींवरून.

युद्ध संपल्यावर फर्मानाचा साचा नव्या सत्तेकडे राहिला आणि लवकरच तिच्या कामी आला. १७८६ मध्ये कर्ज आणि करांनी पिचलेल्या पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडायला सुरुवात केली. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज बंकर हिलला लढलेला होता. गव्हर्नर जेम्स बोडिनने सप्टेंबरात जाहीरनामा काढला. फेब्रुवारी १७८७ मध्ये दुसरा निघाला. शेजला पकडून देणाऱ्यास त्यात दीडशे पौंडांचे बक्षीस होते, त्याच्या तीन साथीदारांसाठी प्रत्येकी शंभर. माथ्यावर राज्याचे नाव, मधे ‘जाहीरनामा’, तळाशी राज्याचे रक्षण करण्याची देवाला विनंती. तो वाचायला खानावळीच्या दारापुढे जमलेल्यांत, दहा वर्षांपूर्वी उलट्या बाजूचे पत्रक चिकटवणारे हात असणारच.